चाहत्यांच्या कट्ट्यावर धंदा मांडायचा असेल तर

माझ्या कपाटात तीन जर्सी आहेत. तिन्ही पुण्याच्या संघांच्या, आणि तिन्ही संघ आज नाहीत. पुणे वॉरियर्स २०११ला आयपीएलमध्ये आले आणि २०१३नंतर गेले. रायझिंग पुणे सुपरजायंट मुळात दोनच वर्षांच्या करारावर आले होते. २०१७ची अंतिम लढत ते मुंबईकडून एका धावेने हरले आणि तोच त्यांचा शेवटचा सामना ठरला. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ खेळला, मग तोही बंद झाला.

२० एप्रिल २०१८ला गहुंजेच्या मैदानावर मी पिवळ्या गर्दीत बसले होते. कावेरीच्या पाण्यावरून चाललेल्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला हलवले होते, आणि चेन्नई सुपर किंग्जने सुमारे हजार चाहत्यांना खास रेल्वेगाडीने इथवर आणलं होतं. शेजारचे काका त्याच गाडीने आलेले. प्रवासाने डोळे तांबारलेले, तरी शेन वॉटसनने शतक ठोकलं तेव्हा त्यांच्या शिट्टीने माझे कान बसले. मध्येच त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "तुमचा संघ कुठे गेला?" मला उत्तर देता आलं नाही.

चाहत्यांवर व्यवसाय कसा उभा राहतो, हे मला पहिल्यांदा त्या संध्याकाळी कळायला लागलं. घरचं मैदान हातचं गेलं तरी घरचे लोक बरोबर हवेत, हे त्या संघाने ओळखलं होतं. भरलेलं पिवळं मैदान टीव्हीवर दिसणं प्रायोजकांसाठी मोलाचं, हे तर आहेच. पण त्या काकांनी त्यानंतर दुसऱ्या कुठल्या संघाची जर्सी घेतली असेल असं मला वाटत नाही.

अप्पा बळवंत चौकाजवळ माझं शाईचे पेन, शाई आणि कागदाचं छोटं दुकान आहे. गेली आठ वर्षं शाईपेनवाल्यांचा एक कट्टा आम्ही चालवतो आणि दुकानाचा बराचसा गल्ला त्याच्याच आधाराने येतो. ट्रेकवाले, एकांकिका करणारी मुलं, जुन्या गाड्यांचे मेकॅनिक असे बरेच जण विचारायला येतात, "ताई, आमच्याकडे माणसं आहेत, पण त्यातून पैसा कसा उभा करायचा?" त्यांना तुकड्या-तुकड्याने सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे.

पहिली पायरी: आधी नुसतं जाऊन बसा

इन्स्टाग्रामवरचे पाच हजार अनुयायी म्हणजे समूह नव्हे. ते तुमच्याकडे बघतात, एकमेकांकडे बघत नाहीत. समूह ओळखायची माझी खूण साधी आहे: तुम्ही महिनाभर गप्प राहिलात तर त्यांचं बोलणं चालू राहतं का? जुना माणूस नव्याला न सांगता शिकवतो का? त्यांचे आपापसातले शब्द आहेत का?

माझे काका येझदीवाले, म्हणजे जावा घराण्यातल्याच जुन्या मोटरसायकलवाले. त्या गाड्यांचं म्हैसूरमधलं उत्पादन १९९६ला थांबलं. महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्सने जावा हे नाव बाजारात परत आणलं २०१८ला. मधली बावीस वर्षं कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती, शोरूम नव्हतं. तरीही नाना पेठेत सुटे भाग शोधणारे लोक होते, किकचा आवाज ऐकून आजार सांगणारे मेकॅनिक होते, आणि जुलैतल्या एका रविवारी जावा दिवस साजरा करायला गाड्या पुसून बाहेर पडणारे काकांसारखे शेकडो जण होते. कंपनी आली ती या लोकांच्या जिवावर आली. ज्या समूहात तुम्ही धंदा करायला निघालात तो बहुधा तुमच्या आधीपासून तिथे आहे. त्याच्या घरी पाहुण्यासारखं जा.

निदान दोन महिने काहीही विकू नका. कोण बोलतं, कोण नुसतं वाचतं, कोणाच्या शब्दाला वजन आहे, भांडण कशावरून होतं, हे वहीत लिहा. कट्ट्यावर सगळ्यात जास्त बोलणारा माणूस आणि ज्याचं सगळे ऐकतात तो माणूस, हे सहसा वेगवेगळे असतात.

दुसरी पायरी: त्यांना काय खुपतंय ते शोधा

आमची पहिली बैठक जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानात झाली. रविवार, सकाळचे साडेसात, सात माणसं. चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक आले होते, त्यांना सगळे सरच म्हणतात. त्यांनी खिशातून रुमाल काढला, बाकावर पसरला. आत चार पेन, प्रत्येकाची निब वेगळी. मग त्यांनी शाळेच्या वहीच्या कागदावर एक ओळ लिहिली आणि कागद उलटा करून आम्हाला दाखवला. अक्षरांच्या कडा केसाळ झाल्या होत्या, शाई पाठीमागे फुटली होती. "चार हजारांचं पेन घ्या नाहीतर चाळीस हजारांचं," ते म्हणाले, "कागद असा असेल तर काय उपयोग?"

मी त्या दिवशी पेन विकायच्या विचाराने गेले होते. पुढचे दोन महिने ऐकत राहिले तेव्हा कळलं की पेन सगळ्यांकडे गरजेपेक्षा जास्तच आहेत, अडचण कागदाची आहे. म्हणून कट्ट्यासाठी पहिली वस्तू केली ती वही: शाई न फुटणारा कागद, बारीक फिकट रेघा, आणि टेबलावर सपाट उघडेल अशी शिवण. रेघा किती फिकट हव्यात यावर कट्ट्यावर तीन रविवार वाद झाला. त्या वादात ज्यांनी भाग घेतला त्या सगळ्यांनी वही घेतली.

तिसरी पायरी: पैसे नेमके कशाचे घेणार ते ठरवा

इथे थोडं थांबून जगभरातले मार्ग पाहायला हवेत, कारण नवीन माणूस यातला एकच, बहुतेक वेळा टी-शर्टचा, मार्ग धरतो.

पहिला मार्ग सदस्यत्वाचा. हार्ले-डेव्हिडसनने १९८३ला आपल्या गाड्यांच्या मालकांची संघटना सुरू केली. तिच्या शाखा स्थानिक विक्रेत्यांशी बांधलेल्या. लोक एकत्र फिरायला लागले की गाडी वापरात राहते, गाडी वापरात राहिली की सुटे भाग, जाकिटं, दुरुस्ती सगळं चालतं. सदस्यत्वाच्या फीपेक्षा खरी कमाई त्या फिरण्यातून होते. यूट्यूबवर चॅनेलचं मासिक सदस्यत्व देता येतं. त्यातला ७० टक्के वाटा चॅनेलवाल्याला मिळतो, बाकीचा यूट्यूब ठेवतं. कोरियात बीटीएस या गायकांच्या चमूच्या कंपनीने एक पाऊल पुढे टाकलं आणि २०१९ला वीव्हर्स नावाचं स्वतःचं ॲप काढलं. गप्पा, सदस्यत्व आणि त्याला जोडलेली खरेदी, सगळं आपल्याच अंगणात. दुसऱ्याच्या अंगणात कट्टा भरवला की भाडं द्यावं लागतं, आणि नियम कधीही बदलतात.

दुसरा मार्ग चाहत्यांच्या कल्पनांचा, आणि मला तो सगळ्यात देखणा वाटतो. लेगो या खेळण्यांच्या कंपनीकडे कोणीही आपली रचना पाठवू शकतो. तिला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते. संच बाजारात आला तर मूळ कल्पना सुचवणाऱ्याला निव्वळ विक्रीचा १ टक्का मिळतो. कंपनीला फुकटात बाजाराचा अंदाज मिळतो हे खरं, पण संचासोबत चाहत्याला श्रेय मिळतं आणि हातात पैसे येतात.

तिसरा मार्ग आगाऊ नोंदणीचा, आणि तो शिकायला आपल्याला परदेशी जायला नको. मराठी प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलत कित्येक वर्षं देत आलेत. वाचक आधी पैसे भरतो, पुस्तक नंतर छापलं जातं, भरवशाच्या बदल्यात सवलत मिळते. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. किती लोकांना खरंच हवंय हे छपाईच्या आधी कळतं.

चौथा, कार्यक्रमाचा. भीमसेन जोशींनी १९५३ला गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव घ्या. तिकीट, प्रायोजक, पुस्तकांचे आणि खाण्याचे स्टॉल, हे सगळं त्याच्याभोवती उभं राहिलं. पण माणसं दर डिसेंबरला रजा टाकून येतात ती गाण्यासाठी आणि शेजारी बसणाऱ्या जुन्या ओळखीच्या रसिकासाठी. गाभा शाबूत आहे म्हणून कडेचा बाजार टिकतो.

आणि एक मार्ग असाही आहे जो मी कोणाला सांगणार नाही. जपानमधल्या एकेबी४८ या गायिकांच्या चमूने २००९पासून सीडीमध्ये मतपत्रिका घालायला सुरुवात केली. आवडत्या मुलीला पुढे आणायचं तर जास्त मतं, जास्त मतांसाठी जास्त सीडी. एकेका चाहत्याने शेकड्यांनी सीडी घेतल्या, ज्या ऐकायच्या नव्हत्याच. विक्रीचे आकडे प्रचंड झाले. हे चालतं, पण त्यात माणसाच्या वेडाची किंमत लावली जाते आणि ती वाढवत नेली जाते. पगारातून, फीच्या पैशांतून असे खर्च करणारी पोरं मी इथेही बघते आणि मला त्रास होतो.

माझ्यापुरता नियम मी असा केला आहे: कट्ट्यावर येणं, बोलणं, विचारणं, शिकणं फुकट. वस्तू, कार्यशाळा, दुरुस्ती, जागेचा खर्च, याचे पैसे. म्हणजे जिथे माझी किंवा कोणाची तरी मेहनत लागली आहे तिथे पैसे, आणि आपलेपणावर तिकीट नाही.

चौथी पायरी: हिशेब, आणि तो कागदावर

आमच्या पहिल्या वहीचा हिशेब जसाच्या तसा देते. १५० वह्या केल्या. कागद, छपाई, शिवण मिळून नगाला १४० रुपये, म्हणजे २१,०००. नमुने आणि मांडणीचे ३,०००. किंमत ठेवली २६०. त्यातल्या १३२ विकल्या, १२ बांधणीत खराब निघाल्या, ६ भेट दिल्या. आले ३४,३२० रुपये. तोवर सगळं छान. पण ९० वह्या कुरिअरने पाठवाव्या लागल्या आणि त्याचा खर्च मी किमतीत धरलाच नव्हता. नगाला कुरिअरचे ५५ आणि पाकिटाचे १२, एकूण ६,०३०. चार महिन्यांच्या कामानंतर हातात उरले ४,२९०.

तेव्हापासून पाठवणीचा खर्च वेगळा लावते आणि दर शंभरामागे आठ नग खराब निघतील असं धरूनच किंमत काढते. आणखी एक अंदाज अनुभवाने सांगते: कट्ट्यावर ३०० माणसं असतील तर वर्षाची फी भरणारी ३० धरा. वर्षाला ६०० रुपये म्हणजे १८,०००. तेवढ्यात काय भागतं ते बघा आणि मगच दुकानाचा गाळा वगैरे घ्या. बाकीचे २७० फुकटे नाहीत. ते प्रश्न विचारतात, उत्तरं देतात, मित्राला घेऊन येतात. त्यांच्यामुळेच त्या ३० जणांना तिथे यावंसं वाटतं.

कट्ट्याचे पैसे आणि घरचे पैसे एका खात्यात ठेवू नका. क्यूआर कोड चिकटवला की पैसे येतात ते सोपं, पण सहा महिन्यांनी वहीचे कुठले आणि मावशीने पाठवलेले कुठले, हे कळत नाही.

पाचवी पायरी: कागदपत्रं

हा भाग लवकर उरकते. कामगार मोजकेच असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तोच आपला शॉप ॲक्ट. उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीला, पैसे पडत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका. जीएसटीची मर्यादा महाराष्ट्रात वस्तूंसाठी वर्षाला ४० लाख आणि सेवांसाठी २० लाखांची उलाढाल, पण दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर सहसा आधीच नोंदणी लागते. सीएला एकदा भेटा, त्याची फी वसूल होते. नाव आणि चिन्ह तुमचं स्वतःचं असेल तर ट्रेडमार्क घ्या. छोट्या व्यावसायिकाला ऑनलाइन अर्जाची फी माल किंवा सेवेच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते.

दोन गोष्टींवर मात्र थांबते. संघाचं चिन्ह, नटाचा चेहरा, कवितेची ओळ परवानगीशिवाय कपावर किंवा टी-शर्टवर छापू नका. रस्त्यावर मिळतात म्हणून ते रीतसर होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. आपल्या आवडत्या बहुतेक मराठी कवींच्या बाबतीत ती मुदत अजून संपलेली नाही.

दुसरं, फोन नंबर. २०२३च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की ज्याची माहिती आहे त्याला विचारून, कशासाठी ते सांगून घ्यायची, आणि त्याच कामाला वापरायची. मुलं १८ वर्षांखालची असतील तर आईवडिलांची संमती. मी हे कायद्याच्या आधी शिकले, आणि महागात शिकले.

सहावी पायरी: कंपनी दारात येते तेव्हा

तिसऱ्या वर्षी एका मोठ्या कंपनीची माणसं दुकानात आली. चाळीस पेन फुकट देऊ, बैठकीचा चहा-नाश्ता आमचा, बदल्यात फक्त सदस्यांची यादी द्या म्हणाले. मला केवढा आनंद झाला होता! यादी दिली. कोणालाही विचारलं नाही.

पंधरा दिवसांत सगळ्यांच्या फोनवर संदेश सुरू झाले, पेनचे, मग बॅगांचे, मग कर्जाचे. बैठकीत नवीन पेनबद्दल कोणी खरं बोलेना, कारण पेन फुकट मिळालेलं. सरांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "अगं, माझा नंबर तू दिलास का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "विचारायचंस ना." आणि ते यायचे थांबले. त्यांच्या मागोमाग पहिल्या सातांतले आणखी चौघे.

सावरायला वर्ष गेलं. काय केलं ते सांगते, कारण तुमच्यावरही ही वेळ येईल. सगळ्यांना माझ्याकडून चूक झाली असं सरळ लिहिलं. कंपनीला यादी पुसून टाकायला लेखी कळवलं. त्यानंतर गणपती मंडळ वर्गणीचा हिशेब फळ्यावर लावतं तसा दर तीन महिन्यांनी कट्ट्याचा जमाखर्च लावायला लागले: कोणी किती दिले, कशावर गेले, माझ्या दुकानाला किती मिळाले. शेवटचा आकडा लिहिताना पहिल्यांदा हात थरथरला. आश्चर्य म्हणजे त्यावर कोणी नाराज झालं नाही. दोघांनी तर "एवढंच?" असं विचारलं.

आता प्रायोजक घेते, पण तीन अटींवर. यादी मिळणार नाही. दिलेल्या वस्तूबद्दल वाईट लिहिण्याची मोकळीक राहील. आणि जिथे त्यांचा पैसा आहे तिथे 'जाहिरात' असं स्पष्ट लिहिलं जाईल. जाहिरात मानक परिषदेने २०२१पासून समाजमाध्यमांवरच्या मंडळींना हे सांगितलंच आहे. या अटी ऐकून निम्मे निघून जातात. राहतात ते चांगले असतात.

चाहत्यांच्या कामाचंही इथेच सांगते. प्रश्नांना रात्री अकराला उत्तरं देणारी, बैठकीला खुर्च्या लावणारी दोन-तीन माणसं प्रत्येक समूहात असतात. धंद्यात पैसा येऊ लागला की त्यांना मानधन द्या. कमी असेल तर कमी द्या, पण द्या. आमच्याकडे निब घासून सरळ करणारी एक मुलगी आहे. पहिली दोन वर्षं ती हे हौसेने करत होती. आज नगामागे तिचे पैसे ठरलेले आहेत आणि कामाची यादी दीड महिना पुढची आहे.

सातवी पायरी: समूह कोणाचा, ते लिहून ठेवा

हे सगळ्यात आधी करायला हवं, पण सुरुवातीला कोणी करत नाही. म्हणून निदान पहिला रुपया आल्यावर करा.

२००२ला इंग्लंडमधल्या विम्बल्डन फुटबॉल क्लबला गाव सोडून मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. बार्सिलोना क्लबचे मालक त्याचे सदस्यच आहेत. जर्मनीत, मोजके अपवाद सोडले तर, क्लबच्या मताधिकारात सदस्यांचं बहुमत असावंच लागतं. आपल्याकडे तसं काही नाही. संघ गेला की चाहत्याच्या हातात जर्सी उरते. पुणेरी पलटण २०१४पासून टिकून आहे, १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद त्यांनी जिंकलं तेव्हा मी घरात एकटीच ओरडत होते. हा संघ तरी राहू दे, असं मनापासून वाटतं.

तुम्ही छोटे असलात तरी एका पानावर एवढं लिहा: दुकान बंद झालं तर सदस्यांची यादी कोणाकडे जाईल, जमलेली माहिती आणि फोटो कोण सांभाळेल, शिल्लक पैशांचं काय होईल, आणि दुकान विकलं तर कट्टा त्यात धरला जाणार नाही. मग ते पान वाचून दाखवा आणि जुन्या माणसांच्या सह्या घ्या. आमच्या पानासाठी मी सरांच्या घरी गेले, शनिवारी दुपारी. त्यांनी दोनदा वाचलं, 'शिल्लक' या शब्दाची वेलांटी दुरुस्त केली, मग रुमाल सोडून त्यातलं दुसरं पेन निवडलं आणि जांभळ्या शाईत सही केली. कागद आमच्याच वहीचा होता. पाठीमागे शाई फुटली नाही ना, ते त्यांनी पान उलटून पाहिलं.